उजवा इंडिकेटर आणि मामाचा हात

मागच्या जानेवारीतली गोष्ट. कराडहून पाटणकडे चालले होते, रात्रीचे साडेआठ वाजले असतील, उसाचा सीझन फुल्ल, त्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टर, ट्रॉल्या, ट्रक असं सगळं एकामागोमाग एक. माझ्या पुढे उसाचा एक ट्रक. इतका भरलेला की दोन्ही बाजूंनी मोळ्या बाहेर आलेल्या, मागची नंबर प्लेट दिसत नाही, मागचे लाल दिवे बंद, आणि त्या सगळ्या काळ्या ढिगाऱ्यात एकच गोष्ट जिवंत होती, उजवा इंडिकेटर. पिवळा, मिणमिणता, टिक टिक टिक.

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय घ्यायचा. एक, तो उजवीकडे शेताच्या वाटेला वळतोय. दोन, तो मला म्हणतोय जा, रस्ता मोकळा आहे, घे ओव्हरटेक. तीन, तो म्हणतोय येऊ नको, समोरून गाडी येतेय. चार, हे सगळं काही नाही, मागच्या वळणावर दिलेला इंडिकेटर बंद करायचा राहिलाय. मी आठ वर्षं गाडी चालवते, मला हे चारही अर्थ माहितीयेत, आणि चारही अर्थांनी मी तो दिवा वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या रस्त्यावर बघितलाय. पाच-सात किलोमीटर त्याच्यामागं धूळ आणि पाचट खात आले होते, कंटाळा आला होता, त्यामुळे जो अर्थ मला हवा होता तोच मी घेतला. दोन नंबर. गिअर टाकला, उजवीकडे काढली आणि अर्ध्या ट्रकपर्यंत पोचते ना पोचते तोच समोर दोन हेडलाईट, अगदी तोंडावर. ब्रेक, परत मागं, परत आत. तो टेम्पोवाला हॉर्नचा भोंगा लावून गेला तो पार लांब जाईपर्यंत वाजवतच होता. मुलगी शेजारी झोपली होती, तिला काही कळलंच नाही. माझे पाय पाटण येईपर्यंत थरथरत होते.

मामाकडे पोचल्यावर पाणी पिऊन झालं, मग सांगितलं. मामा म्हणजे माझे सख्खे मामा, एकतीस वर्षं ट्रक चालवला, कराड-चिपळूण-रत्नागिरी. जाताना साखर, धान्य, भाजी, येताना जांभा चिरा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला वाटलं आता त्या ट्रकवाल्याला शिव्या घालतील. तर म्हणाले, "आगं पोरी, त्येनं तो इंडिकेटर तुला दिलाच नव्हता. समोरच्याला दिला हुता. दुसऱ्याची चिठ्ठी फोडून वाचलीस व्हय तू."

हा पाचवा अर्थ मला माहितीच नव्हता. रात्री दोन पदरी रस्त्यावर समोरून गाडी आली की ट्रकवाले उजवा इंडिकेटर लावतात, म्हणजे माझी उजवी कड इथपर्यंत आहे, यापलीकडून निघ. भरलेल्या ट्रकची रुंदी अंधारात कळत नाही, हेडलाईटच्या बाहेर फूट-दीड फूट माल आलेला असतो, मग तो मिणमिणता दिवा म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला माणूस. समोरच्यासाठी ती सूचना एकदम बरोबर. पण तोच इंडिकेटर मागंही लागतो ना, तो काय फक्त पुढच्यालाच दिसणारे का. त्या टेम्पोवाल्याला त्याने सांगितलं "सांभाळून ये" आणि मागं बसलेल्या मला ऐकू आलं "जा". दोघंही बरोबर आणि मधे आम्ही सगळे मरणार होतो.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. आपल्या रस्त्यावर केवढी बडबड चालू असते बघा, दिवे, हॉर्न, हात, पाय, मान, ट्रकच्या मागचं साहित्य वेगळंच. आणि तरी कोणाचं कोणाला कळत नाही.

लहानपणी मे महिन्यात मी एकदोनदा मामाबरोबर ट्रकमधून चिपळूणला गेलेय. केबिनमध्ये इंजिनच्या बॉनेटवर गोधडी टाकून बसायचं, खालून चटके, डावीकडे दारापाशी किन्नर. (क्लीनरला आमच्याकडे किन्नर म्हणतात, ट्रक लाईनमध्ये कोणी क्लीनर म्हणत नाही.) मामाचा उजवा हात कायम खिडकीबाहेर. कोपरापासून खाली तो हात इतका काळा पडला होता की दोन हात दोन वेगवेगळ्या माणसांचे वाटायचे, आंघोळ करून बनियनवर बसले की अजूनच. तो हात दिवसभर बोलायचा. मागच्याला जाऊ द्यायचं असेल तर हात आडवा बाहेर काढून मागून पुढे असा अर्धगोल फिरवायचा, ये ये, ये ये. हळू होणार असेल तर तळवा खाली करून वरखाली, लहान पोराला थोपटल्यासारखं. थांबणार असेल तर कोपरापासून हात सरळ उभा. उजवीकडे वळायचं तर आडवा ताठ. डावीकडे वळायचं तर तोच हात बाहेर काढून गोल गोल उलटा, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध.

मला वाटायचं ही मामाची स्वतःची करामत. पुढे अडतिसाव्या वर्षी लायसन काढायला गेले, लर्निंगच्या परीक्षेचं पुस्तक उघडलं आणि त्यात चित्रांसकट मामाचा हात. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांमध्ये हे सगळं शब्दशः लिहिलेलं होतं, अर्धगोल फिरवण्यासकट. मागच्याला "तू जा" म्हणायची कायदेशीर खूण आपल्याकडे होती आणि ती हाताची होती. मग गाड्यांना एसी आले, काचा वर गेल्या, हात आत गेला आणि त्या हाताचं काम इंडिकेटरवर येऊन पडलं. हाताला पाच गोष्टी सांगता यायच्या, इंडिकेटरला दोनच येतात, डावं आणि उजवं. उरलेल्या तीन गोष्टी लोकांनी त्याच दोन दिव्यांत कोंबल्या. उजवा हात हलवला की "जा", म्हणून उजवा इंडिकेटर लावला की "जा", असं ते आलं असणार असं माझं आपलं लॉजिक. मामाला विचारलं तर म्हणाले आसंल.

किन्नरचं पण सांगायला पाहिजे. डावीकडची सगळी भाषा त्याची. दारावर थाप मारायची, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे थेट एसटीतून आलेलं, कंडक्टरची सिंगल बेल डबल बेल. रिव्हर्स घेताना तो मागं उतरून ओरडणार, येऊ दे, येऊ दे, येऊ दे, काट मार, अजून काट, येऊ दे, बस्स. आता माझ्या गाडीला मागं कॅमेरा आहे आणि तो टींटींटीं करतो. पण सोसायटीत पार्किंग करताना वॉचमनकाका अजूनही मागं उभे राहून येऊ दे येऊ दे म्हणतात आणि मी कॅमेऱ्याकडे न बघता त्यांच्याकडेच बघते. सवय म्हणा.

डिप्पर, म्हणजे हेडलाईट झटकन वरखाली मारणं, ही तर महाभारताची गोष्ट आहे. माझा दीर इंग्लंडात असतो, पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा गाडी चालवायची हौस आली त्याला. चौकात समोरच्याने लाईट मारली, हा थँक यू म्हणत गाडी पुढे काढायला लागला. मी किंचाळले. तिकडे म्हणे समोरच्याने लाईट मारली की लोक अर्थ घेतात "तुम्ही या, मी थांबतो". त्यांच्या हायवे कोडच्या पुस्तकात खरं तर असं नाहीये, पुस्तकात फक्त "मी इथे आहे" एवढंच सांगायला लाईट मारा असं लिहिलंय, पण रस्त्यावर सगळे सभ्यपणे "या या" करत बसतात. आपल्याकडे समोरून डिप्पर आला की अर्थ एकच, मी येतोय, मी थांबणार नाहीये, तू थांब. तीच लाईट, तेच दोन झटके, आणि अर्थ बरोब्बर उलटा. अरुंद पुलावर तर ही शर्यतच असते, ज्याने आधी डिप्पर मारला त्याचा पूल. दोघांनी एकदम मारला तर मग मधोमध नाकाला नाक लावून उभे, पाठीमागं दोन्हीकडे रांग, आणि शेवटी ज्याच्यामागं कमी गाड्या तो रिव्हर्स.

डिप्परचा एक गोड उपयोग मात्र आहे. दिवसाढवळ्या समोरचा डिप्पर मारतोय आणि पूलबिल काही नाही, सरळ मोकळा रस्ता आहे, म्हणजे पुढे मामा उभे आहेत. हे मामा वेगळे, पांढरा शर्ट आणि पावती मशीनवाले. बेल्ट लावा, स्पीड कमी करा. सर्व्हिसला कोण, जात कोण, पार्टी कोण, काही माहिती नसताना समोरून येणारा अनोळखी माणूस स्वतःचा काहीही फायदा नसताना तुम्हाला वाचवतो. हे कायद्याला धरून आहे की नाही यात मी पडत नाही, पण रस्त्यावरचा एवढा निःस्वार्थ भाऊबंदपणा मला दुसरीकडे कुठे दिसला नाही.

आणि ज्या कामासाठी डिप्पर आहे, म्हणजे समोरून गाडी आली की अप्परची लाईट खाली करणं, ते आता कोणी करतच नाही. ट्रकच्या मागं "यूज डिपर ॲट नाईट" लिहिलेलं असायचं, अजून असतं. ते वाक्य इतकं प्रसिद्ध की टाटा मोटर्सने ट्रकवाल्यांमध्ये एचआयव्हीची जागृती करायला "डिपर" नावाचे कंडोमच काढले होते. मामाला मी हे सांगितलं नाहीये. तर मुद्दा, पूर्वीचे पिवळे बल्ब अप्परवर असले तरी डोळे मिचकावून चालवता यायचं, आता त्या पांढऱ्या एलईडी, वरून बंपरला लावलेल्या दोन एक्स्ट्रा, समोरून आल्या की दोन-तीन सेकंद खरोखर काही दिसत नाही, रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून चालवायची. मी डिप्पर मारून सांगते की बाबा खाली कर, तो उलट मलाच डिप्पर मारतो. त्याला वाटतं मी भांडतेय.

घाटात मामाची पद्धत वेगळी होती. कुंभार्ली घाट ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये, हेळवाक सोडलं की घाटमाथा आणि मग खाली पोफळीपर्यंत वळणंच वळणं, पावसात धुकं. मामा वळणाच्या आधी हॉर्न मारायचे, एकच, लांब, आणि मग ॲक्सिलेटरवरून पाय काढून गप्प. मी मधेच काही विचारलं तर हाताने थांब म्हणायचे. एकदा म्हणाले, "हारन मारला की कान द्यायचा. वरनं-खालनं कोण बोलतंय का बगायचं. आपनच वराडत बसल्यावर त्येचं कसं ऐकू येनार." खालून उत्तर आलं, पोंऽऽ, की मामा कडेला घेऊन उभे. चढणाऱ्या गाडीला आधी जागा, हा पण नियमच आहे, जिथे दोन गाड्या नीट मावत नाहीत तिथे उतरणाऱ्याने थांबायचं, कारण भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की परत उचलणं म्हणजे क्लचचा जीव जातो. रात्री हॉर्नऐवजी लाईट. वळणाच्या आधी क्षणभर स्वतःची लाईट खाली करायची, म्हणजे समोरून कोणी येत असेल तर त्याचा उजेड दरडीवर पडलेला दिसतो. गाडी दिसायच्या आधी उजेड येतो. हे मी शिकलेय आणि दरवेळी वापरते, वरंध घाटात, आंबोलीत, कुठेही.

पुण्यात मात्र हॉर्न मारून कान देणारा माणूस मी अजून बघितला नाही. सिग्नलला शेवटचे तीन सेकंद उरले की मागून सुरू, पी पी पीऽऽ. अहो लाल आहे. मुंबई पोलिसांनी यावर एक मस्त प्रयोग केला होता, २०२० च्या जानेवारीत त्याचा व्हिडिओ आला, सीएसएमटी, मरिन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता, वांद्रे अशा ठिकाणी सिग्नलच्या खांबाला आवाज मोजायचं यंत्र लावलं, आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचे सेकंद परत पहिल्यापासून सुरू. वाजवा किती वाजवायचंय ते, थांबा मग. लोकांची तोंडं बघण्यासारखी होती. आमच्याकडे कर्वे रोडला हे लावलं तर लोक सिग्नललाच म्हातारे होतील. त्याच्याही आधी, २०१५ मध्ये, आपल्या परिवहन खात्याने ट्रकच्या मागं "हॉर्न ओके प्लीज" लिहायला बंदी घातली, कारण काय तर त्यामुळे लोकांना विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं. मला हे जरा विनोदीच वाटलं. जणू काही ट्रकवर वाचल्यावरच आम्हाला हॉर्नची आठवण येते. बंदीनंतरही ते लिहिलेले ट्रक मी रोज बघते, आणि "बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं" याला तर कोणाच्या बापाची बंदी नाही.

मग गडकरी साहेब २०२१ मध्ये नाशिकला म्हणाले की हॉर्नमध्ये आपल्या वाद्यांचे आवाज आणायचा कायदा करायचा विचार आहे, बासरी, तबला, व्हायोलिन वगैरे. कल्पना ऐकायला छान आहे. पण संध्याकाळी सात वाजता लक्ष्मी रोडवर एक हजार स्कूटर एकदम तबला वाजवायला लागल्या तर तो काही सवाई गंधर्व होणार नाही. अडचण आवाज कर्कश आहे ही नाहीच, अडचण ही आहे की सगळे बोलतात आणि ऐकायला कोणी नाही. मामा एक हॉर्न मारून उत्तराची वाट बघायचे, आपण उत्तर नको म्हणूनच हॉर्न मारतो.

दुचाकीवाल्यांची भाषा मला सगळ्यात आवडते, कारण त्यांच्यात काच नसते. तोंड उघडं, सरळ बोलता येतं. "ओ ताई, स्टँड!" हे वाक्य महाराष्ट्रात ज्याने ऐकलं नाही त्याने गाडी चालवली नाही. साईड स्टँड खाली राहिला की चार चौकांत चार जण सांगतात, एखादा तर यू टर्न घेऊन पाठलाग करून सांगतो. ओढणी चाकात जातेय, पदर लोंबतोय, मागच्या पोराची चप्पल पडली, डिकी उघडी आहे, दप्तराची चेन उघडी आहे. सिग्नलला उभं असताना शेजारची बाई माझ्या मागच्या चाकाकडे बघून "हवा कमी आहे हां" म्हणून सिग्नल सुटला तशी निघून गेली, आणि होती पण. बऱ्याच नवीन गाड्यांना तर स्टँड खाली असला की इंजिनच चालू होत नाही, म्हणजे हळूहळू "ताई स्टँड" पण जाणार.

आधीच एक खूण बिचारी अर्धी गेलीये. दिवसा कोणाची लाईट चालू राहिली असेल तर समोरून येणारा पंजा वर करून बोटं उघडझाप करायचा, कळी उमलल्यासारखी. लाईट चालू आहे, बंद करा, बॅटरी उतरेल. मग २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाक्यांना लाईट कायम चालूच असते, बटणच काढून टाकलं. पहिले वर्ष-दीड वर्ष माझ्या नवऱ्याला नव्या गाडीवर रोज आठ-दहा लोक बोटं उघडझाप करून दाखवायचे आणि तो प्रत्येकाला मान हलवून हात करायचा. मी म्हटलं अरे सगळ्यांना काय हात करतोस, तर म्हणाला तो एवढ्या आपुलकीने सांगतोय, त्याला काय सांगू बंद होत नाही म्हणून. सासरे अजूनही करतात. समोरून नवी कोरी गाडी आली की यांचा पंजा वर. सांगून झालंय दहा वेळा, ऐकत नाहीत.

रिक्षावाले पायाने बोलतात. डावा पाय बाहेर आला की रिक्षा डावीकडे, आणि कधीकधी पाय नुसताच हवा खायला बाहेर आलेला असतो. बंद पडलेल्या रिक्षाला मागच्या रिक्षावाल्याने पाय लावून दोन-तीन किलोमीटर ढकलत नेणं, टोचन नाही, दोरी नाही, हे ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल की त्या दोघांमध्ये एक शब्द न बोलता केवढं ठरलेलं असतं, कुठे ब्रेक, कुठे सोडायचं, कुठे परत पाय लावायचा.

पार्किंग लाईट, म्हणजे ते चारही इंडिकेटर एकदम, त्याबद्दल माझं डोकं फिरतं म्हणून थोडक्यात. त्याचा अर्थ माझी गाडी उभी आहे, बंद पडलीये, धोका आहे. बास. चौकात सरळ जायचंय म्हणून नाही, पाऊस पडतोय म्हणून नाही, बोगदा आला म्हणून नाही. एक्सप्रेसवेवर पावसात शंभरच्या स्पीडने चारही दिवे लावून पळणाऱ्यांना मला विचारायचंय की तुम्ही लेन बदलणार हे मला कसं कळणार, इंडिकेटर तर सगळेच चालू आहेत तुमचे.

खरोखर गाडी बंद पडल्यावर मात्र ट्रकवाले दिव्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, बॅटरी उतरली की दिवाच नाही. मागं झाडाची फांदी टाकतात. वीस-तीस पावलं मागं एक फांदी, मग चार दगड, मग ट्रक. कायद्याने लाल त्रिकोण ठेवायचा असतो पण रस्त्यात हिरवी ताजी फांदी आडवी दिसली की गावाकडच्या कुठल्याही ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. अडचण पुढची आहे. गाडी दुरुस्त झाली की फांदी आणि दगड तिथेच टाकून निघून जातात. बोलून झालं, शब्द मात्र रस्त्यात पडलेले. रात्री स्कूटरवाला येऊन त्याच दगडावर आपटतो. मामाचा नियम होता, दगड लावले तर निघताना किन्नरने गोळा करायचे, नाही केले तर त्या दिवशी त्याला जेवताना मटण नाही, नुसता रस्सा.

उसाच्या ट्रॉल्यांची तर गंमतच वेगळी. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर पाचटाखाली, पण पुढे गाणी एवढी जोरात की अर्धा किलोमीटर आधी कळतं. मला वाटतं तो टेप हाच त्यांचा टेललाईट आहे. बैलगाडीवाले त्यापेक्षा शहाणे, जुन्या सीडी बांधतात मागं, आपल्या लाईटीत चमकतात. पूर्वी गाडीच्या खाली कंदील लावायचे, तो हलताना दिसला की लांबूनच कळायचं बैलगाडी आहे आणि हळू चाललीये.

एक खूण आपल्याकडे नाहीच, सॉरी. थँक यू आहे, हात वर केला की झालं, एसटीचे ड्रायव्हर एकमेकांना स्टेअरिंगवरून चार बोटं उचलून करतात ती तर नमस्कार, ख्यालीखुशाली सगळंच. जपानमध्ये कोणी आत घेतलं की दोन-तीन वेळा चार दिवे चमकवून आभार मानतात म्हणे. पण सॉरी कसं म्हणायचं? मागच्या महिन्यात सिंहगड रोडला माझ्याकडून एका माणसाला कट बसला, चूक शंभर टक्के माझी, मी लेन बदलताना आरशात बघितलंच नाही. तो बाईकवर. मी काच खाली करून हात वर केला, सॉरी म्हणून, आणि त्याचं लक्ष जावं म्हणून छोटासा हॉर्न दिला. झालं. त्याने पुढच्या सिग्नलपर्यंत माझा पाठलाग केला, गाडी आडवी लावली, हेल्मेट वर केलं.

"काय झालं? हात काय दाखवता?"

"अहो सॉरी म्हणत होते दादा, माझी चूक होती."

तो दोन सेकंद बघतच राहिला. "मग हॉर्न कशाला मारला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, तुमचं लक्ष नव्हतं म्हणून. तर म्हणाला, "सॉरीला हॉर्न नसतो मॅडम," आणि हेल्मेट खाली करून गेला. घरी येऊन मी हे सांगितलं तर मुलगी आठवडाभर प्रत्येक सॉरीच्या आधी तोंडाने पीप करत होती.

काचांवरून आठवलं, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाडीच्या काचांवर काळी फिल्म लावायला बंदी केली, ती गुन्हे होतात म्हणून. माझ्या दृष्टीने मोठा फायदा वेगळाच झाला. ड्रायव्हरचे डोळे दिसायला लागले. चौकात आधी कोण, हे आपल्याकडे दिव्याने नाही तर नजरेने ठरतं, त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, मान इतकीशी हलली, झालं. ज्याला थांबायचं नसतं तो मुद्दाम बघत नाही, समोर कुठेतरी आकाशात बघत गाडी घुसवतो. हे ओळखायला मला दोन वर्षं लागली. आता जो बघत नाही त्याला मी आधी जाऊ देते.

मामा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी बंद, पण दिवाळीत त्यांना माझ्या गाडीतून चिपळूणला नेलं, त्यांच्या लेकीकडे. तोच कुंभार्ली. मी चालवतेय, मामा डावीकडच्या सीटवर, एसी नको म्हणाले म्हणून काच खाली. उतारावर मी हळू होते, मागं दोन-तीन गाड्या साठल्या. जरा सरळ, रुंद तुकडा आला, समोर पार खालपर्यंत मोकळं दिसत होतं, आणि मी आरशात बघते तर मामाचा हात बाहेर. डावा हात, डाव्या खिडकीतून, आडवा, मागून पुढे अर्धगोल. ये ये, ये ये.

"मामा, अहो हात आत घ्या, तुम्ही डावीकडे बसलाय!"

"आँ?" म्हणून त्यांनी हाताकडे बघितलं, तो बिचारा आपला हलतच होता. तेवढ्यात मागचा एक स्प्लेंडरवाला, मागं बायको, मधे पोरगं, खरंच डावीकडून निघून गेला आणि जाता जाता मामाला हात करून गेला.

"गेला बग," मामा म्हणाले, आणि मग हात आत घेतला.